संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी

स्वच्छमंडलाच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, व्याधीने ग्रासलेल्या माणसाला नेहमीचे उपाय संपल्याचे सांगण्यात आले, की कोठे तरी चालू असलेल्या नव्या उपचाराच्या चाचणीची वार्ता त्याच्या कानी यावी आणि त्या वार्तेतच त्याने गेलेली दृष्टी परत आलेली पाहावी, हे इतके स्वाभाविक आहे की त्याबद्दल कोणी त्याला दोष देऊ नये. परंतु याच आशेवर काही लोकांचा व्यवहार चालतो, हे आमच्या घरात अनुभवास आले म्हणून हे लिहीत आहे.

माझ्या पुतण्याच्या एका डोळ्यात तंबाखूबरोबर खायचा चुना उडाला. बुबुळाचा काळा भाग संपून पांढरा सुरू होतो त्या कडेला मूलपेशींचा साठा असतो आणि स्वच्छमंडलाचा वरचा थर त्यांच्यापासूनच सतत नवा होत राहतो. चुन्याने तो साठा जळाला म्हणजे पांढऱ्या भागावरील त्वचा रक्तवाहिन्यांसह पारदर्शक भागावर चढू लागते, आणि अशा डोळ्यात नुसते नेत्ररोपण केले तर तेही बहुधा टिकत नाही. अशा अवस्थेत एका शहरातील खाजगी दवाखान्यातून निरोप आला, की मूलपेशींच्या चाचणीत एक जागा आहे, मात्र अनामत रक्कम तातडीने भरावी लागेल. आम्ही त्यांच्याकडे नोंदणी क्रमांक आणि नीतिसमितीच्या मंजुरीची प्रत मागितली. उत्तरे टोलवाटोलवीची आली, दस्तऐवज एकही आला नाही, आणि बोलणे तेथेच थांबले.

रक्कम मागितली जाणे हीच पहिली खूण समजावी. संशोधनासाठी म्हणून ज्या तपासण्या व जे उपचार करावयाचे, त्यांचा खर्च सहभागी व्यक्तीवर टाकू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट नमूद आहे. दुसरी गोष्ट नोंदणीची. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया हे सरकारी दप्तर 2007 पासून सर्वांस खुले असून, 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वीच चाचणीची नोंद व्हावी असा दंडक आहे. तेथे शोधताना नुसता ‘कॉर्निया’ हा शब्द न घालता आपल्या कागदावर लिहिलेले व्याधीचे नेमके इंग्रजी नाव घालावे. मग चाचणी कोणत्या रुग्णालयात आहे, भरती चालू आहे की बंद, कोणास घेणार आणि कोणास वगळणार, असा सारा तपशील वाचावयास मिळतो. तरीही नोंद म्हणजे गुणवत्तेचा दाखला नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडा येथे तीन वृद्ध स्त्रियांनी प्रत्येकी 5,000 डॉलर भरून चरबीपासून काढलेल्या पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या आणि त्यांची दृष्टी गेली; 2017 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रकरणात तेथील सरकारी नोंदवहीत त्या दवाखान्याचे नाव होतेच. त्यांचा विकार दृष्टिपटलाचा होता, स्वच्छमंडलाचा नव्हे. पण एकाच दिवशी दोन्ही डोळे, ही गोष्ट कोणत्याही नेत्रविकारात खटकली पाहिजे.

खऱ्या चाचणीतही नवे ते सरस असे गृहीत धरू नये. उसाचे पाते लागून डोळ्यात बुरशीचा व्रण होणे आपल्याकडच्या शेतकऱ्याला अपरिचित नाही. त्यावर जुने नॅटामायसिन चांगले की नवे व्होरिकोनाझोल, हे ठरविण्यासाठी अरविंद नेत्र रुग्णालयाने सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांसह 323 रुग्णांची चाचणी केली. 2013 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, की जुन्या औषधाचे रुग्ण अधिक बरे झाले आणि नव्या औषधाच्या गटात व्रणाला छिद्र पडण्याचे प्रकार जास्त घडले. अर्थात ज्यांच्या वाट्याला नवे औषध आले, त्यांच्यामुळेच आज पुढच्या रुग्णाला योग्य थेंब मिळतो, आणि याबद्दल मला त्या अनाम माणसांविषयी मनापासून आदर वाटतो. चाचणी प्रश्नाच्या उत्तरासाठी असते. आपल्याला कोणता गट मिळेल हे चिठ्ठीप्रमाणे ठरते, आणि ते मान्य असेल तरच सही करावी.

संमतिपत्र आपल्याला समजेल अशा भाषेत मागावे, घरी नेऊन वाचावे आणि सहीची प्रत स्वतःजवळ ठेवावी. मुदत संपण्यापूर्वी केव्हाही माघार घेण्याचा हक्क आपला आहे. नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाल्यास विनामूल्य उपचार आणि ती चाचणीमुळेच झाल्याचे ठरल्यास भरपाई, ही तरतूद 2019 च्या नियमांत आहे. तिचा मजकूर संमतिपत्रात नसेल तर तेथल्या तेथे हरकत घ्यावी.

पुतण्यासाठी आम्हाला नोंदवहीत एक योग्य चाचणी सापडली, परंतु भाजलेल्या पापण्या नीट मिटत नसल्याने तो वगळला गेला. त्याच डॉक्टरांनी आधी पापण्यांची शस्त्रक्रिया सुचविली आणि त्यानंतर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीची शिफारस केली. या पद्धतीत निरोगी डोळ्याच्या कडेचा लहानसा तुकडा काढून, त्याचे बारीक कण गर्भावरणाच्या पातळ पडद्यावर मांडून जळलेल्या डोळ्यावर बसवितात. तेव्हा चाचणी असो वा रूढ शस्त्रक्रिया, चांगल्या डोळ्यातून नेमके किती घेणार, तो पुढे कोण आणि किती काळ तपासणार, आणि त्याला काही झाले तर जबाबदारी कोणाची, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच घ्यावे.