त्याला चूक कळलेली नसते

शंका : आम्ही दोघं कामावर गेलो की आमचा दोन वर्षांचा लॅब्रॅडॉर चपला, उशा फाडतो. संध्याकाळी दार उघडताच कान पाडून, शेपूट पायांत घालून कोपऱ्यात बसतो. चूक कळते, तरी रोज तेच. ओरडून, मारूनही फरक नाही. (एक वाचक, सातारा)

समाधान : आधी मारणं थांबवा, अगदी आजपासून. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 साली याच 'अपराधी' चेहऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नको म्हटलेला खाऊ काही कुत्र्यांनी खाल्ला, काहींनी खाल्ला नाही. मालकांना मात्र कधी खरं सांगितलं, कधी खोटं. मालक रागावला की तो चेहरा दिसे, मग खाऊ खाल्लेला असो वा नसो. उलट, काहीही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तो जास्त ठळक होता! तुमचा कुत्रा तुमचा आवाज, चाल, चेहरा वाचतो आणि घाबरतो. सकाळी फाडलेली उशी आणि संध्याकाळचा मार यांची सांगड त्याला घालता येत नाही. त्याला एवढंच कळतं की तुम्ही घरी येणं धोक्याचं आहे.

खरा प्रश्न दिवसभराच्या एकटेपणाचा आहे. तुम्ही गेल्यानंतरचा अर्धा तास मोबाइलवर चित्रित करा. येरझारा, लाळ गळणं, रडणं, दार ओरबाडणं दिसलं, तर तो एकटेपणाला घाबरतो. पशुवैद्यकांना ते चित्रण दाखवा. निवांत लोळून मग चपलेकडे वळत असेल, तर तो कंटाळला आहे. सकाळी त्याला मनसोक्त हुंगू देत लांब फिरवा, चघळायला काही द्या आणि चपला कपाटात ठेवा.

शंका : आमचा कुत्रा खाताना जवळ गेलं की गुरगुरतो. सासरे म्हणतात, तो स्वतःला म्होरक्या समजतो, उताणा पाडून दाबून धरा. (एक वाचक, ठाणे)

समाधान : मुळीच नको, तुम्हाला चावेल. म्होरक्याची ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 च्या, पिंजऱ्यातल्या लांडग्यांच्या निरीक्षणांतून आली. ती ज्यांच्या पुस्तकामुळे रुजली, त्या डेव्हिड मीच यांनीच पुढे एल्समिअर बेटावर रानातले लांडगे पाहिले आणि 1999 मध्ये लिहिलं की कळप म्हणजे म्होरकेपणासाठी भांडणारी टोळी नव्हे, तर बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्लं. सासऱ्यांना हे जरूर सांगा.

गुरगुरणं ही सूचना आहे. ती दडपली तर पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावेल. तो खात असताना लांबूनच चिकनचा तुकडा टाका आणि निघून जा. तो सैलावला तरच, काही दिवसांनी, अंतर थोडं कमी करा. मुलांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा. गुरगुरणं अचानक सुरू झालं असेल, तर आधी दात आणि कान तपासून घ्या.