घरगुती विजेच्या कामाची हत्यारे
(इयत्ता ६ वी व ७ वी : कार्यानुभव)

प्रास्ताविक

तेरणेच्या काठचे तेर हे गाव प्राचीन काळी ‘तगर’ या नावाने प्रसिद्ध होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात तगराचे कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. तथापि मराठी मुलास हे गाव परिचित आहे ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी हाती थापटणे घेतले आणि कोणते मडके पक्के व कोणते कच्चे हे प्रत्येकाच्या मस्तकावर थापटून पाहिले, ही कथा मुलांनी ऐकलेली असते. पाठाचा आरंभ याच कथेने करावा. कुंभाराचे थापटणे मडके घडविते, आणि कथेत तेच मडके पारखतेही. हत्यार हाताचे बळ वाढविते, तसेच डोळ्यांस न दिसणारी गोष्टही उघड करते. विजेच्या कामात या दुसऱ्या गुणाचे महत्त्व फार आहे. कारण तारेत प्रवाह आहे की नाही, हे नुसते पाहून कोणासही सांगता येत नाही.

घरातील वीज २३० व्होल्ट दाबाची असते. सुमारे १० ते २० मिलिअँपिअर इतका अल्प प्रवाह हातातून गेला तरी स्नायू आखडतात व धरलेली तार सोडविता येत नाही. म्हणून हत्यारांची ओळख आणि सावधगिरी या दोन्ही गोष्टी एकाच पाठात शिकवावयास हव्यात.

हत्यारांची ओळख

१. टेस्टर : यात निऑनचा लहानसा दिवा व मोठा रोध असतो. टोक फेजच्या तारेस लावून मागील धातूच्या टोपीस बोट टेकविले असता दिवा लागतो. रोधामुळे शरीरातून जाणारा प्रवाह एक मिलिअँपिअरहून पुष्कळ कमी असतो, म्हणून धक्का जाणवत नाही. मात्र टेस्टर लागला नाही म्हणजे तार निर्जीव आहे, असे लगेच मानू नये. दिवा बिघडलेला असेल, भर उन्हात त्याचा उजेड दिसला नसेल, अथवा मनुष्य कोरड्या लाकडी स्टुलावर उभा असल्याने तो मंद लागला असेल. यासाठी टेस्टर प्रथम चालू असलेल्या सॉकेटात लावून पारखावा, मग तारेस लावावा आणि पुन्हा त्याच सॉकेटात पारखून पाहावा. पारखणाऱ्याचीही पारख व्हावी लागते, हे मुलांच्या मनावर ठसवावे.

२. पक्कड : तार धरणे, पिळणे व तोडणे ही तिची तीन कामे. दांड्यांवरील आवरण चिरलेले असल्यास ती पक्कड विजेच्या कामास निरुपयोगी समजावी. साध्या आवरणावर विसंबून चालू तारेस हात घालणे हा अविचार होय. ज्या हत्यारांवर दोन त्रिकोणांची खूण व ‘१००० व्होल्ट’ हे अंक असतात, ती विशेष चाचणी झालेली असतात. तरीही घरात मेन स्विच बंद करूनच काम करावे.

३. चिमट्याची पक्कड : हिचे तोंड लांब व निमुळते असते. स्क्रूभोवती घालावयाचा तारेचा फासा हिने वळवावा. फाशाचे तोंड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ठेवावे, म्हणजे स्क्रू आवळताना फासा आत ओढला जातो; उलट ठेवल्यास तो उघडतो, जोड सैल राहतो, तापतो व जळतो.

४. पेचकस : लहान व मोठा असे दोन तरी असावेत. पेचकसाची धार स्क्रूच्या खाचेत बरोबर बसली पाहिजे. लहान धारेने मोठा स्क्रू फिरविल्यास खाच झिजते व पेचकस निसटून हातात घुसतो.

५. चाकू अथवा स्ट्रिपर : तारेवरील आवरण पेन्सिल तासावी तसे चाकू तिरपा धरून काढावे. सरळ गोल कापल्यास तांब्यास खाच पडते व तार तेथे तुटते. दातांनी आवरण सोलण्याची सवय अत्यंत घातक आहे.

६. हातोडी, छिन्नी, गिरमिट व ओळंबा : मातीच्या भिंतीत स्क्रू टिकत नाही. माळवदाच्या जुन्या घरांत भिंतीस छिन्नीने खाच पाडून लाकडी गट्टू पक्का बसवावा व त्यावर बोर्ड लावावा. ओळंब्याने रेषा सरळ आखली जाते. भिंत फोडण्यापूर्वी आत तार गेलेली नाही ना, याची खात्री करावी.

मर्यादा

दिवा, फ्यूज व स्विच बदलणे एवढीच घरच्या हत्यारांची सीमा आहे. तेही काम वडील मनुष्याने, मेन स्विच बंद करून करावे. नवी वायरिंग अथवा वाढीव जोडणी परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करवून घ्यावी, असे बंधन १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत होते व पुढील विनियमांतही तेच तत्त्व राहिले आहे. खांबावरील तारेचे व मीटरचे काम महावितरणचे आहे. त्यास कोणीही हात लावू नये. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याचे हातपाय बांधून दार उघडे टाकणे होय.

पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंती व पत्र्याची घरे यांत धोका वाढतो. कपडे वाळविण्यासाठी धातूची तार बांधतात. तिला विजेच्या तारेचे सोललेले अंग लागले की ओला कपडा काढणाऱ्या गृहिणीचा जीव जातो. तेथे सुती अथवा नायलॉनची दोरी बांधावी. तीन पिनांच्या प्लगमधील मोठी पिन भूसंपर्काची असते. ती लांब ठेवलेली असल्याने सर्वांआधी जोडली जाते व सर्वांनंतर सुटते. ती कापून टाकू नये. भूसंपर्काच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात माती लवकर कोरडी पडते. ३० मिलिअँपिअरवर प्रवाह तोडणारे संरक्षक उपकरण घरोघरी असणे इष्ट आहे.

कोणास विजेने धरले तर त्यास स्पर्श करू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने तार दूर सारावी व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असल्यास जाणकाराने छातीवर दाब देण्यास त्वरित आरंभ करावा.

प्रात्यक्षिक

वर्गात घरगुती वीज मुळीच वापरू नये. दीड व्होल्टचा सेल, टॉर्चचा दिवा व तारेचे तुकडे एवढे साहित्य पुरेसे आहे. शिक्षकांनी स्वतः चाकूने एक तुकडा सोलून दाखवावा; मुलांनी स्ट्रिपरने सोलावा. मग प्रत्येक गटाने फासा वळवून स्क्रूभोवती घालावा व सेलचा दिवा लावून दाखवावा. फासा उलट घालून स्क्रू आवळावा व काय घडते ते मुलांना पाहू द्यावे. सांगण्यापेक्षा पाहिलेले अधिक काळ टिकते.

काम संपताच हत्यारे पुसून, मोजून पेटीत ठेवण्याचा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. मोजणी जमली नाही तर वर्ग सोडू नये.

स्वाध्याय

१. टेस्टर दोनदा पारखावयाचा तो का?
२. तारेचा फासा घड्याळाच्या दिशेने का घालावा?
३. आपल्या घरी कपडे वाळविण्याची दोरी कशाची आहे व ती विजेच्या तारेपासून किती दूर आहे, हे पाहून वहीत लिहा. ती धातूची असल्यास घरच्या वडीलधाऱ्यांना सांगा.
४. घरातील मेन स्विच कोठे आहे, हे घरातील प्रत्येकास ठाऊक आहे काय? विचारून लिहा.