थर्मल ड्रोन घेण्याआधी गिऱ्हाईकाचा प्रश्न निवडा



आजच्या व्हिडिओत थर्मल ड्रोनबद्दल बोललो. व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे सगळं शांतपणे लिहून देतोय. वही-पेन घेऊनच बसा, शेवटी गणित आहे.

सुरुवात माझ्याच फजितीने करतो. जालना तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत भाड्याने आणलेला थर्मल ड्रोन घेऊन डेमो द्यायला गेलो होतो. सकाळी साडेआठला उडवला. स्क्रीनवर निळं-जांभळं-पिवळं असं देखणं चित्र आलं. बागमालकांनी पाच मिनिटं नीट बघितलं आणि विचारलं, "सर, फोटो झकास आहे. पण मी उद्या सकाळी काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचा सगळा धडा त्या एका प्रश्नात आहे. शेतकरी फोटोचे पैसे देत नाही, उद्या सकाळी काय करायचं याचे पैसे देतो. त्यामुळे ड्रोन निवडतानाही सुरुवात तिथूनच करायची.

जालन्यात हा धंदा कुणासाठी?

आपल्या जिल्ह्यातलं कडवंची गाव सगळ्यांना माहीत आहे. १९९०च्या दशकात तिथे पाणलोटाचं काम झालं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचा त्यात मोठा वाटा होता. मग प्लॅस्टिक अस्तराची शेततळी आली, ठिबक आलं आणि कमी पावसाच्या पट्ट्यात द्राक्ष उभं राहिलं. २०१२च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळत होत्या, तेव्हा शेततळ्यांनी कडवंचीच्या बागा तारल्या.

आता धंद्याच्या नजरेने बघा. ज्याचं पाणी तळ्यात मोजून ठेवलेलं असतं, त्याला प्रत्येक लिटर कुठे गेला हे हवं असतं. कोणत्या ओळीला कमी मिळतंय, कोणती लॅटरल चोक झालीय, कोणता व्हॉल्व्ह लीक आहे हे त्याचे रोजचे प्रश्न. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे मोसंबीवाला. जालना मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचा सगळा बहार ताणावर अवलंबून असतो. ताण सारखा बसला तर फूल सारखं निघतं.

थर्मल कॅमेरा नक्की काय बघतो?

माठातलं पाणी गार का राहतं? माठ पाझरतो, पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. पान तसंच आहे. मुळांना पाणी मिळतंय तोवर पानाची सूक्ष्म छिद्रं उघडी असतात, वाफ बाहेर पडते आणि पान गार राहतं. पाणी कमी पडलं की छिद्रं मिटतात आणि पान तापतं. डोळ्यांना पान सुकलेलं दिसायच्या आधीच कॅमेऱ्याला ते गरम दिसतं.

इथेच माझी चूक झाली होती. सकाळी साडेआठला सगळीच पानं गार असतात, पाणी मिळालेली आणि न मिळालेलीसुद्धा. फरक दिसतो तो भर दुपारी, साधारण बारा ते दोन या वेळेत. आकाश निरभ्र हवं आणि वारा कमी हवा. ढगाची सावली पडली की चित्र बिघडतं. म्हणजे दिवसात तुमचे कामाचे तास मोजकेच धरा आणि पावसाळा जवळपास सोडून द्या. हे पुढे गणितात येणार आहे.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कॅमेरा फक्त "इथे गरम आहे" एवढंच सांगतो. कारण पाणी आहे, मूळकूज आहे की मुरमाड जमीन आहे, हे बागेत चालत जाऊनच बघावं लागतं. भुरी आहे की डाऊनी, हेही थर्मलवरून कळत नाही. जो विक्रेता "ड्रोन रोग ओळखतो" म्हणेल, त्याला तुमच्यासमोर एका बागेत ओळखून दाखवायला सांगा.

कॅमेरा निवडताना पाच गोष्टी

१. पिक्सेल किती आणि ते जमिनीवर केवढे पडतात. सूत्र सोपं आहे: पिक्सेलचा आकार गुणिले उंची, भागिले लेन्स. १२ मायक्रॉनचा पिक्सेल, १३ मिलिमीटरची लेन्स आणि ६० मीटर उंची असेल तर एक पिक्सेल जमिनीवर साडेपाच सेंटिमीटरचा पडतो. ६४० बाय ५१२चा कॅमेरा असेल तर एका फोटोत साधारण ३५ मीटर रुंदी येते. तेवढीच रुंदी २५६ बाय १९२च्या कॅमेऱ्याने घेतली तर पिक्सेल १४ सेंटिमीटरचा होतो. १६० बाय १२०चा असेल तर २२ सेंटिमीटरचा.

याने काय फरक पडतो? छाटणीनंतर द्राक्षाचा हिरवा पट्टा अरुंद असतो. मोठ्या पिक्सेलमध्ये अर्धं पान आणि अर्धी माती येते. समजा पान ३५ अंश आणि उघडी माती ५५ अंश आहे. कॅमेरा साधारण ४५ दाखवणार. तुम्ही म्हणणार वेलीला पाणी कमी आहे, शेतकरी व्हॉल्व्ह उघडणार, आणि वेल मात्र ठणठणीत होती. तळ्यातलं पाणी गेलं आणि तुमचं नावही गेलं.

म्हणून गिऱ्हाईक द्राक्षवाला असेल तर ६४०चा कॅमेरा घ्या. मोसंबीचं झाड चार-पाच मीटर घेराचं असतं, तिथे १४ सेंटिमीटरचा पिक्सेलही चालतो. फक्त मोसंबी करायची असेल तर महाग कॅमेऱ्यात पैसे अडकवायची गरज नाही.

२. रेडिओमेट्रिक आहे का? म्हणजे फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलचं तापमान फाइलमध्ये साठतं का. साधा थर्मल फक्त रंग दाखवतो, आणि रंगांची पट्टी प्रत्येक फोटोत बदलू शकते. मागच्या आठवड्याशी तुलना करायची तर रेडिओमेट्रिकच लागतो. इथे तडजोड करू नका.

३. अचूकपणा. अशा कॅमेऱ्यांत दोनेक अंशांचा फरक सर्रास येतो, पण एकाच उड्डाणातला बारीक फरक ते चांगला पकडतात. विक्रेत्याला नेटडी किती विचारा. ५० मिलिकेल्विन म्हणजे अंशाचा विसावा भाग, तेवढी किंवा त्याहून कमी असेल तर पुरे. शेतकऱ्याला "तुमची बाग ३६ अंश आहे" असं सांगू नका. "पूर्वेकडच्या चार ओळी बाकी बागेपेक्षा तीन अंश गरम आहेत" असं सांगा.

एक युक्ती देतो. एका पानाला पाणी मारा आणि दुसऱ्याला दोन्ही बाजूंनी व्हॅसलीन लावा. पहिलं पान म्हणजे भरपूर पाणी मिळालेल्या पानाचं तापमान, दुसरं म्हणजे छिद्रं पूर्ण बंद झालेल्या पानाचं. बाग या दोघांच्या मध्ये कुठे बसते ते बघायचं. पाण्याच्या ताणाचा निर्देशांक असाच शून्य ते एकमध्ये मोजतात. अमेरिकेत ॲरिझोनातल्या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये तो मांडला, तेव्हा ड्रोन नव्हते.

४. सोबत साधा रंगीत कॅमेरा. त्याशिवाय गरम दिसतंय ते पान आहे, माती आहे की मांडवाची तार, हे ओळखता येत नाही.

५. फ्रेम रेट. ९ हर्ट्झ की ३० हर्ट्झ यावर विक्रेते बरंच बोलतात. आपण नकाशा बनवतो, शूटिंग करत नाही. ९ हर्ट्झ पुरतो, फक्त ड्रोन हळू उडवा आणि फोटो एकमेकांवर ८० टक्के चढतील असे घ्या.

कागदपत्रं: इथे बरेच जण फसतात

फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. सुटे भाग आणता येतात. त्यामुळे "दुबईहून आणून देतो, बिल नाही पण स्वस्त पडेल" असं कुणी म्हटलं तर हात जोडा. ज्या ड्रोनची नोंदणीच होणार नाही, त्यावर धंदा उभा करू नका.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे तुम्हाला काय लागतं ते बघा. ड्रोनला टाइप सर्टिफिकेट आणि नोंदणी क्रमांक, म्हणजे यूआयएन. तुम्ही पैसे घेऊन उडवणार, म्हणून २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनसाठी रिमोट पायलट सर्टिफिकेट. त्याला दहावी पास आणि वय १८ ते ६५ लागतं, प्रशिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतच. थर्ड पार्टी विमा. हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे, आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवायचंच नाही. चिकलठाण्याच्या बाजूने काम घेतलं तर आधी नकाशा बघा. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत जातो.

अनुदानाबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे. नमो ड्रोन दीदी योजना महिला बचत गटांसाठी आहे, ८० टक्के आणि जास्तीत जास्त ८ लाख. पण ती फवारणीच्या ड्रोनसाठी. अनुदान मिळेल असं गृहीत धरून थर्मलचं कर्ज काढू नका.

आता गणित

हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमची कोटेशनं घालून पुन्हा मांडा.

ड्रोन, कॅमेरा, जादा बॅटऱ्या आणि प्रशिक्षण मिळून ७,५०,००० रुपये. तीन वर्षांत वसूल करायचे तर वर्षाला २,५०,०००. बॅटरी, दुरुस्ती, विमा ८०,०००. प्रवास ६०,०००. सॉफ्टवेअर ३०,०००. कर्जाचं व्याज ६०,०००. आणि तुमचा पगार महिना २०,००० म्हणजे २,४०,०००. स्वतःचा पगार धरायला लाजू नका, फुकट राबणं म्हणजे धंदा नव्हे. एकूण झाले ७,२०,०००.

उडण्याचे दिवस ९० धरू. बागा शेजारी-शेजारी असतील तर दिवसाला २० एकर होतील. म्हणजे १,८०० एकर-फेऱ्या. भागाकार करा: एकरी एका फेरीला ४०० रुपये. तीन एकरवाल्याला हंगामात सहा फेऱ्या दिल्या तर त्याच्या १८ एकर-फेऱ्या आणि ७,२०० रुपये. १,८०० भागिले १८ म्हणजे १०० शेतकरी.

तुमच्याकडे असे १०० शेतकरी आहेत का, जे ७,२०० रुपये देतील? ४० असतील तर जमा २,८८,०००. पगार सोडूनही खर्च ४,८०,०००. म्हणजे १,९२,००० खिशातून गेले आणि वर्षभराची मेहनतही.

आता तेच ४० शेतकरी भाड्याच्या ड्रोनवर, पायलटसकट. भाडं दिवसाला ६,००० धरा, २० एकरांची जमा ८,०००. ७२० एकर-फेऱ्या म्हणजे ३६ दिवस, हातात ७२,०००. पेट्रोल त्यातूनच जाईल, पगार काही सुटणार नाही. पण डोक्यावर कर्ज नाही, आणि वर्षअखेर ४० शेतकरी तुम्हाला नावाने ओळखतात. पुढच्या वर्षी बँकेत जाल ते त्यांची यादी घेऊन.

या महिन्याचा गृहपाठ

एक: पाच द्राक्षवाले आणि पाच मोसंबीवाले निवडा. प्रत्येकाला एकच विचारा, "पाण्याबाबत तुम्हाला न कळणारी गोष्ट कोणती?" उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

दोन: मोबाइलला जोडायचा छोटा थर्मल कॅमेरा कुणाकडून मागून आणा आणि दुपारी दोन बागांत चालत फिरा. गरम दिसलेल्या झाडाखालचा ड्रीपर उघडून बघा. दहापैकी किती वेळा तुमचा अंदाज बरोबर आला ते लिहा.

तीन: एक पानाचा रिपोर्ट बनवा. वर बागेचा नकाशा, खाली तीनच ओळी: कुठे बघायचं, काय तपासायचं, कधीपर्यंत. रंगीत चित्रापेक्षा या तीन ओळींवर जास्त वेळ घालवा.

चार: तो रिपोर्ट दाखवून तीन जणांकडून आगाऊ ५०० रुपये घ्या. तिघांनी दिले तर ड्रोन भाड्याने आणायला हरकत नाही. एकानेही दिले नाहीत, तर साडेसात लाख वाचले असं समजा आणि पुन्हा पहिल्या प्रश्नावर या.

मी त्या बागेत महिन्याभराने पुन्हा गेलो, या वेळी दुपारी एकला. दोन ओळी गरम दिसल्या. मालक स्वतः चालत गेले, फ्लश व्हॉल्व्ह उघडला, गाळ निघाला. त्यांनी चित्राकडे बघितलंही नाही. विचारलं फक्त, "परत कधी येताय?"

हा प्रश्न तुम्हाला ज्या दिवशी ऐकू येईल, त्या दिवशी ड्रोनची कोटेशनं मागवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. गृहपाठ करूनच या.