सही करण्याआधी हप्ता काढा: नर्सिंगची पदवी आणि शैक्षणिक कर्ज



बारावीचा निकाल लागला की आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचे पालक शाळेत डोकावतात. मागच्या वर्षी एक आई आल्या. मुलीला बी.एस्सी. नर्सिंगला घालायचं होतं. हातात खासगी कॉलेजचं फीचं पत्रक आणि बँकेचा फॉर्म. म्हणाल्या, "मॅडम, जामीनदार लागत नाही म्हणे. मग भीती कशाची? सही करून टाकू का?"

मी म्हटलं, "ताई, बसा. आधी आपण गणित करू."

हे गणित अवघड नाही. सातवीच्या पुस्तकात 'बँक व सरळव्याज' हा पाठ आहे, तेवढं आलं तरी पुरे.

उदाहरण

समजा, फी वर्षाला १,२५,००० रुपये. ४ वर्षांचे ५ लाख, सगळे कर्जाने. व्याज द.सा.द.शे. १०. साधारणपणे शिक्षण संपल्यावर आणखी १ वर्ष हप्ता नसतो. पण व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं!

पहिल्या वर्षीच्या रकमेवर ५ वर्षांचं, दुसऱ्यावर ४, तिसऱ्यावर ३, चौथ्यावर २ वर्षांचं व्याज. म्हणजे १२,५०० × १४ = १,७५,००० रुपये. हप्ता सुरू होताना कर्ज ५ लाख नसून ६,७५,००० झालेलं असतं.

हे १० वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता साधारण ८,९२० रुपये. एकूण परतफेड सुमारे १० लाख ७० हजार.

आता पगार शेजारी मांडा

राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते, वर भत्ते. तिथे हा हप्ता मूळ पगाराच्या पाव भाग होतो. जमण्यासारखं आहे. पण सरकारी भरती निघेपर्यंत अनेक मुली खासगी दवाखान्यात लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये खासगी रुग्णालयातल्या परिचारिकांना किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. पण ती शिफारसच आहे. तेवढा पगार मिळाला असं धरलं तरी हप्त्यात जवळपास ४५ टक्के जातात. उरलेल्या ११ हजारांत खोलीभाडं, डबा, जाणं-येणं कसं भागवायचं?

माझा साधा ठोकताळा असा: हप्ता पहिल्या पगाराच्या पाव ते एक तृतीयांशाच्या आत असावा. सरकारी नोकरी लागेल असं धरून नव्हे, तर हमखास मिळेल त्या पगारावर हिशोब करावा.

कर्ज कमी कसं करायचं?

१. आधी शासकीय कॉलेज. आपल्याकडे घाटी म्हटलं की लोकांना फक्त डॉक्टर आठवतात. नर्सिंगच्या शासकीय जागांचे पर्यायही प्रवेशाच्या यादीत वर भरा.

२. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट महत्त्वाची: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नको. एससी, एसटी मुलांसाठी वेगळ्या योजना आहेत. अर्ज महाडीबीटीवर.

३. उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत आपलं कॉलेज बसतं का, हे बँकेत विचारा.

४. जमेल तर शिकतानाच व्याज भरा. पहिल्या वर्षी ते महिन्याला साधारण १,०४० रुपये येतं. पुढे वाढतं, पण शेवटपर्यंत भरलं तर वरच्या उदाहरणात एकूण लाखभर रुपये वाचतात.

आणि हो, जामीनदार नाही म्हणजे जबाबदारी नाही असं नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ता थकला की बँक त्यांनाही विचारते.

त्या ताईंनी त्या दिवशी सही केली नाही. फी माफीत बसून मुलीला प्रवेश मिळाला. आता वसतिगृह आणि मेससाठी वर्षाला ५०,००० एवढंच कर्ज आहे. त्याच दराने त्याचा हप्ता ३,५७० च्या आसपास येईल. मुलगी तीच, पदवीही तीच, फक्त डोक्यावरचं ओझं निम्म्याहून कमी.

शिक्षकांनो, सातवीला सरळव्याज शिकवाल तेव्हा हे उदाहरण फळ्यावर जरूर घ्या. मुलं घरी जाऊन सांगतात.