होडीतून गळ टाकताना

प्रश्न : मी आणि धाकटा भाऊ उजनीच्या फुगवट्यावर काठावरून गळ टाकतो. यंदा छोटी फायबरची होडी घेतली आहे, मागे इंजिन आहे. कटला-रोहूसाठी आत जाताना काय सांभाळावं?

उत्तर : आधी नांगराचं सांगतो, कारण जीवावर बेतणारी चूक तिथेच होते. सोयीचं पडतं म्हणून काही जण नांगर होडीच्या मागच्या बाजूला बांधतात. इंजिनाच्या वजनाने तो भाग आधीच दबलेला असतो. त्यात नांगराचा ताण पडला की लाट थेट आत येते आणि होडी बघता बघता भरते. नांगर पुढच्या टोकालाच बांधा. दोर खोलीच्या निदान पाचपट सोडा, म्हणजे २० फूट पाण्यात १०० फूट. आखूड दोराने नांगर तळ धरत नाही. अडकलाच तर दोर कापायला सुरी हाताशी हवी.

मग वारा. मे २०२४ मध्ये याच पाण्यावर, कळाशी-कुगाव दरम्यान, वादळात होडी उलटून सहा जण गेले. उन्हाळ्यात दुपारी ढग जमू लागले की मासा लागत असला तरी काठ गाठा. लाइफ जॅकेट बुडाखाली नको, अंगात हवं, बंद लावलेलं. भावाच्याही.

मासा वर घेताना दोघांनी एकाच कडेला वाकू नका.

आणि मच्छीमारांच्या जाळ्यांचे तरंगते डबे दिसले की लांबून वळा. पंख्यात जाळं गुंतलं तर तुम्ही अडकता, त्यांची दिवसाची कमाई जाते.