आधी शून्य बघ

चाकणच्या कंपनीचं मुलाखतीचं पत्र आलं आणि आनंद व्हायच्या ऐवजी तुझ्या पोटात गोळा आला, असं तुझी आई सांगत होती. घाबरू नकोस, असं मी म्हणणार नाही. तसं सांगून कुणी शांत झालेलं मी पाहिलेलं नाही. भोसरीच्या एमआयडीसीत इन्स्पेक्शनला 31 वर्षं काढली, शेवटी शेवटी टेबलाच्या पलीकडे बसून डिप्लोमावाल्या पोरापोरींच्या मुलाखतीही घेतल्या. घेणाराही धास्तावलेला असतो बरं का. चुकीचा माणूस घेतला तर त्याचं रिजेक्शन पुढे सहा महिने घेणाऱ्यालाच निस्तरायचं असतं.

माझी पहिली मुलाखत 1989 सालची. साहेबांनी समोर एक पिन ठेवली, हातात मायक्रोमीटर दिला आणि म्हणाले, माप सांग. हात घामेजलेले. मी 7.32 सांगितलं. पिन होती 7.82. स्लीव्हवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ उघडी पडली होती, ती मी पाहिलीच नाही. साहेब काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. नोकरी गेली ती गेलीच. घरी आल्यावर कळलं, की 50 भागांचा थिंबल, एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर, हे सगळं मला तोंडपाठ होतं. घाई नडली.

पुढे मला शिकवणाऱ्या फोरमननी एक सवय लावली, तीच तुला देते. उपकरण हातात आलं की लगेच माप घ्यायचं नाही. त्याची तोंडं पुसायची, मिटवायची, शून्यावर शून्य येतं का बघायचं. व्हर्निअर असो की मायक्रोमीटर. येत नसेल तर तसं मोठ्याने सांगायचं. मग माप घ्यायचं, आणि एकदा नाही, दोनदा. यात दहा-पंधरा सेकंद जातात, तेवढ्यात हाताचा थरथराट बसतो. आणि पलीकडच्याला कळतं, की हिने खरोखर काम केलंय. मी स्वतः मुलाखती घ्यायचे तेव्हा मुद्दाम शून्य चुकलेला व्हर्निअर पुढे करायचे. उत्तर बरोबर आलं की नाही, ते नंतर. आधी समोरचा तोंडं मिटवतो का, तेवढंच बघायचे.

तोंडी प्रश्नालाही हेच. प्रश्न कानावर पडला की लगेच सुटू नकोस. श्वास सावकाश सोड, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव, धडधड कमी होते. येत नसेल तर ‘हे मला माहीत नाही’ म्हण आणि गप्प बस. थापा मारणारा इन्स्पेक्टर कुणालाच नको असतो. तो उद्या न मोजताच रिपोर्ट भरेल. इंग्रजी अडलं तर मराठीत सांग. शॉपवर सगळे तसंच बोलतात. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर वडिलांच्या नोकरीपासून सुरू करू नकोस. प्रोजेक्टमध्ये काय मोजलंस, काय चुकलं, ते सांग.

कागद आदल्या रात्रीच लाव: मार्कशीट, डिप्लोमा, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, आणि झेरॉक्सचे दोन संच. दाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आजच बघ. मूळ कागद दाखवायचे, ठेवून यायचे नाहीत. डिपॉझिट मागणारा कुणी भेटला तर तिथूनच परत फीर. चप्पल नको, बूट घाल; शॉप दाखवायला नेतील. आणि चाकणच्या चौकावर भरवसा ठेवू नकोस. भोसरीहून राजगुरुनगरची बस मिळते, पण पाळी सुटायच्या-भरायच्या वेळी रस्ता नुसता तुंबतो. दहाची वेळ असेल तर नऊला गेटवर पोच. शेंगदाण्याचा लाडू खा, चहा एकच.

लग्नाचं विचारतील. पोरांना विचारत नाहीत, तुला विचारतील. मला अजून राग येतो. पण तिथे भांडू नकोस. ‘काम सोडायचा माझा विचार नाही’, एवढंच म्हण आणि लगेच त्यांना पाळ्यांचं विचार. आमच्या वेळी 1948 च्या कारखाने कायद्याने बायकांचं काम साधारण सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळातच. आता अटी घालून रात्रपाळीला परवानगी आहे, म्हणून ने-आण करायला गाडी आहे का, ते तोंडाने विचारायचं. कंपनीच्या रोलवर घेणार की ठेकेदाराच्या, हेही. आणि पगाराचा आकडा सांगितला की ‘हातात किती’ विचार. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर पीएफचे 12 टक्के कापले जातात. हे विचारायला मी पहिली दहा वर्षं लाजले.

रविवारी सकाळी ये. जुना मायक्रोमीटर कपाटातून काढून ठेवलाय, डब्यात दहा-बारा पिनाही आहेत. मापं मी वहीत लिहून ठेवलीत, तुला सांगणार नाही.