डिकीतली फळी : एक छोटा पदार्थविज्ञानाचा धडा

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने मोटारीच्या डिकीतल्या एका फळीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु वर्गात आपण ज्या गोष्टी फळ्यावर खडूने शिकतो, त्या सगळ्या या दुसऱ्या फळीत एकत्र भेटल्या, आणि त्या न समजल्याचे मोलही आम्हाला द्यावे लागले. म्हणून हा खटाटोप.

माझे मामा डिचोलीचे. त्यांच्याकडे १९६० सालची उघड्या टपाची ट्रायम्फ हेराल्ड आहे. गोव्यात अशा परदेशी मोटारी पोर्तुगीज अमदानीत पुष्कळ आल्या. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहने चालवण्याचा नियम केला, तरी शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानामुळे गोव्यात वाहतूक डावीकडूनच राहिली. त्यामुळे इंग्रजी बनावटीच्या मोटारी येथे सहज रुळल्या. हेराल्ड ही १९५९ साली इंग्लंडात निघाली. तिचा आकार जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन कारागिराचा. १९६१ पासून मद्रासेत ती ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने तयार होऊ लागली. या गाडीला स्वतंत्र चासी असून वरचा सांगाडा तीवर बोल्टांनी बसवलेला असतो. डिकीच्या तळाला एक खोलगट जागा असते, तीत स्टेपनी आडवी ठेवतात आणि तीवर काढता-घालता येणारी फळी टाकतात. पेट्रोलची टाकीही डिकीतच एका बाजूला असते.

मूळची फळी कुजल्यावर मामांनी एका सुताराकडून फणसाची नवी फळी करून घेतली. काम सुबक होते. उन्हाळ्यात ती इतकी चपखल बसली की बाजूने पोस्टकार्डही शिरत नव्हते. आम्ही सर्वांनी वाखाणणी केली.

त्याच वर्षी आषाढात मामा पेडण्याला आमच्याकडे आले असता रात्री आजीला धाप लागली. दुसरे वाहन नव्हते. टप चढवून आम्ही तिला म्हापशाच्या इस्पितळाकडे घेऊन निघालो. धारगळच्या पुढे मागचे चाक बसले. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. पण फळी निघेना. “फुगली रे,” एवढेच मामा म्हणाले. भर पावसात पहारीने तिची एक कड फोडून चाक बाहेर काढीपर्यंत पाऊण तास गेला. आजी मागच्या सीटवर बसून होती. अखेर एका टेंपोवाल्याने तिला पुढे नेले. ती वाचली; पण त्या पाऊण तासाचा हिशेब माझ्या मनातून गेला नाही. सुताराला दोष देण्यात अर्थ नव्हता. फळी घट्ट बसली म्हणून खूश होणारे आम्हीच होतो. पुढच्या सुटीत मी नवी फळी स्वतः करायला घेतली.

लाकूड का फुगते?

लाकूड हवेतील बाष्प शोषून घेते आणि फुगते. परंतु सर्व दिशांना सारखे नाही. रेषांच्या दिशेने ते जवळजवळ मुळीच वाढत नाही, रेषांना आडवे मात्र वाढते. उन्हाळा आणि आषाढ यांत ही आडवी वाढ शेकडा १ धरली, तरी ६० सें.मी. रुंदीची फळी ६ मि.मी. फुगते. पोस्टकार्ड न शिरणाऱ्या फटीत ६ मि.मी. मावणार कसे?

प्लायवूडमध्ये पातळ थर एकाआड एक काटकोनात चिकटवलेले असतात. एका थराला ज्या दिशेने फुगायचे असते, त्या दिशेने शेजारच्या थराच्या रेषा असल्याने तो त्याला आवरून धरतो. म्हणून प्लायवूडची लांबी-रुंदी फारशी बदलत नाही. मी मरीन प्लायवूड घेतले. त्याचा डिंक फिनॉलिक जातीचा असून पाण्याने सुटत नाही. तरीसुद्धा सभोवती ४ मि.मी. फट सोडली आणि तीत नमद्याची मऊ पट्टी लावली.

फट सोडण्याचे दुसरे कारण गाडीच्या उघडेपणात आहे. बुटांचे रिकामे खोके घेऊन दोन्ही टोके विरुद्ध दिशांना पिळून पाहा. ते सहज पिळवटते. आता झाकण चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्के करा आणि पुन्हा पिळा. खोके हटत नाही. बंद पेटी पिळाला विरोध करते, उघडी करत नाही. टप नसलेली मोटार ही झाकण नसलेली पेटी होय. हेराल्डचा भार चासीवर असला, तरी खड्ड्यांतून जाताना वरचा सांगाडा थोडा पिळतोच. अशा जागी फळी चारी कडांना आवळून बसवली, तर ती कुरकुरते, रंग घासते आणि तेथूनच गंज सुरू होतो.

जाडी किती असावी?

येथे गणित कामी आले. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, वजन मात्र केवळ जाडीच्या प्रमाणात. १ मी. × ६० सें.मी. ची फळी आणि प्लायवूडची घनता घनमीटरला ६०० किलो धरा. ६ मि.मी. जाडीचे वजन सुमारे २.२ किलो, ९ मि.मी. चे ३.२ आणि १२ मि.मी. चे ४.३ किलो येते. ताठपणा मात्र ६ मि.मी. चा १ मानला, तर ९ चा सुमारे ३.४ आणि १२ चा ८ होतो. सामान ठेवण्यास ९ मि.मी. पुरेशी आहे आणि वयस्क माणसालाही ती एका हाताने उचलता येते. म्हणून ९ निवडली.

आधी गंज

फळी करण्यापूर्वी मी तळ तपासला. खळग्यात तांबड्या मातीचा थर होता. डिचोलीच्या खाणपट्ट्यात २०१२ साली खाणी बंद होण्यापूर्वी ट्रकांची धूळ सर्वत्र उडे. त्या धुळीने तळाचे पाणी जाण्याचे छिद्र बुजले होते. ओली माती पत्र्याला बिलगून बसते आणि लोखंड, पाणी व प्राणवायू यांची गाठ घालून देते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून रंग फुगून पापुद्रे सुटतात. समुद्राकडील खाऱ्या वाऱ्याने ही क्रिया आणखी जलद होते.

छिद्र मोकळे केले, पत्रा घासला, रेड ऑक्साईड लावून वर रंग दिला. पाणी कोठून येते हे पाहण्यासाठी डिकीच्या रबरावर खडूची पूड लावली, झाकण मिटले आणि वरून झारीने पाणी घातले. उघडल्यावर जेथे पूड धुऊन गेली होती, तेथेच गळती. रबराचा तेवढा भाग बदलला.

एक सूचना महत्त्वाची. टाकी डिकीतच असल्याने तेथे पेट्रोलची वाफ असू शकते. विजेचे ड्रिल किंवा पत्र्यावर ठिणग्या पाडणारे कोणतेही काम आत करू नये. फळीचे सर्व कापकाम मी अंगणात केले.

माप आणि चूक

जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून तो तळाला तंतोतंत जुळवला. परंतु पुठ्ठा वाकतो, प्लायवूड वाकत नाही, हे मी विसरलो. कापलेली फळी डिकीच्या तोंडातून आत जाईना! मी तळाचे माप घेतले होते, दाराचे घेतलेच नव्हते. शेवटी फळी मधोमध आडवी कापून दोन्ही अर्धे वरच्या बाजूने पितळी बिजागरीने जोडले. आता ती घडी घालून तिरकी आत सरकते. मात्र वरून बिजागरी असलेल्या सांध्यावर भार आला की तो खाली खचणार. म्हणून पुढच्या अर्ध्याखाली सांध्यालगत एक आडपट्टी ठोकली. तिची टोके दोन्ही बाजूंच्या काठांवर टेकतात आणि मागचा अर्धा भाग तिच्यावर विसावतो.

वॉर्निशाचे ३ हात दिले, तेही दोन्ही बाजूंना आणि कडांना. केवळ दिसणारी बाजू रंगवली, तर बाष्प खालूनच शिरते, एक बाजू फुगते आणि फळीला बाक येतो. स्क्रू एकही पत्र्यात घातला नाही. मागच्या कडेला चामड्याचा पट्टा आणि एक फिरती खिट्टी, एवढेच.

या सर्वांची परीक्षा आषाढातच व्हायला हवी होती. पाऊस पडत असताना, रात्री, दिवा न लावता मामांना स्टेपनी काढायला सांगितले आणि मी घड्याळ धरले. सामान बाजूला करून चाक बाहेर यायला सव्वा मिनिट लागले. आजी दारात खुर्ची टाकून पाहत होती. ती म्हणाली, “आता माझ्यासाठी म्हणून पंक्चर करू नका.”

विद्यार्थीमित्रांना एवढेच सांगावेसे वाटते. जी वस्तू अडचणीच्या वेळी काढायची आहे, तिची परीक्षा ती किती घट्ट बसते यावर करू नका. ऐन पावसात ती किती सहज निघते यावर करा. आणि माप घेताना तळाबरोबर दाराचेही घ्या.